ट्रंकमावशींचं उत्तर

साक्षात देव जरी ट्रंकमावशींच्या दारात येऊन उभा राहिला असता, तरी त्याच्या आधी इस्त्रीवाला आलेला असेल तर देवाला थांबावं लागलं असतं. "आधी कोण आलं?" हा त्यांचा पहिला प्रश्न, बाकीचं सगळं नंतर. एकदा हळदीकुंकवाला आमच्या वॉर्डातल्या नगरसेविका आल्या, तेव्हा मावशी भांडी घासणाऱ्या सुमनला वाण देत होत्या. सुमनची ओटी भरून झाली, तिच्या मुलीच्या दहावीची चौकशी झाली, ती चपला घालून जिना उतरली, तोवर नगरसेविका पर्स सावरत उभ्या. त्या वर्षी आमच्या सोसायटीचा पाण्याचा टँकर उशिरा यायला लागला तो यामुळेच, असं आमचे सेक्रेटरी अजून सांगतात.

मावशी डोंबिवलीत आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. जन्म गेला कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, ट्रंक ऑपरेटर म्हणून. परगावी फोन करायचा तर तो आधी बुक करावा लागे आणि बोर्डावर बसलेली ऑपरेटर तो जोडून देई, त्या काळातल्या. निवृत्तीला किती वर्षं झाली तरी फोन वाजला की पाठ ताठ आणि आवाज घासूनपुसून लख्ख: "बोला, ऐकतेय." समोरच्याला मध्येच तोडणं त्यांना जमायचंच नाही. क्रेडिट कार्ड विकणाऱ्या मुलीलाही त्या म्हणायच्या, "तू सगळं सांगून घे बाई, मग मी नाही म्हणते." ती बिचारी पुढच्या महिन्यात पुन्हा फोन करायची, नुसतं बोलायला.

मी तेव्हा अठ्ठावीसची, ऐरोलीला आयटीत नोकरी, आणि जगातलं सगळं आपल्यालाच कळतं असा थाट. त्याच सुमारास नेट न्यूट्रॅलिटीचा वाद पेटला. कंपन्यांना ठरावीक साइट्स फुकट किंवा वेगात द्यायच्या होत्या आणि बाकीच्यांना मागे रखडत ठेवायचं होतं. सरकारी नियामकाने प्रश्नांची यादी काढून लोकांची मतं मागवली. आम्ही मंडळींनी इंग्रजीत एक तयार मेल बनवला, नाव टाका आणि बटण दाबा. डोंबिवलीतून ढिगाने मेल पाठवायचा विडा मी उचलला होता. मावशींचं ईमेल खातं मीच उघडून दिलेलं, त्यामुळे त्या माझ्या हक्काच्या.

सगळं समजावून सांगितलं. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे लाइटनिंग कॉल."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. ट्रंक कॉल तीन प्रकारचे, ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. लाइटनिंगवाल्याने सगळ्यात जास्त पैसे भरलेले, म्हणून तो शेवटी आला तरी पहिला.

"तेच मावशी, अगदी तेच," मी म्हटलं. "दाबा बटण."

"अगं मृदुला, प्रश्न मला विचारलाय ना? मग उत्तर मी देईन."

चार दिवसांनी त्यांनी चार फुलस्केप पानं माझ्या हातात दिली, मराठीत, शाईच्या पेनाने. पहिल्या दोन पानांत प्रश्नवार उत्तरं. मग तिसऱ्यावर हे: "कल्याणजवळच्या मोहने गावच्या कारखान्यातल्या एका गृहस्थांनी सकाळी दहाला साताऱ्याकडच्या एका गावच्या पोस्टात ऑर्डिनरी कॉल बुक केला. आईला तिथे बोलावून बसवलं होतं. लाइन एकच होती. दिवसभर व्यापाऱ्यांचे लाइटनिंग येत राहिले आणि नियमाप्रमाणे मी ते आधी जोडले. गृहस्थांनी चार वेळा चौकशी केली. पाचला तिकडचं पोस्ट बंद झालं. 'असू दे ताई, तुमचा काय दोष,' असं म्हणून ते गेले. त्यांना काय बोलायचं होतं ते मला माहीत नाही. बोर्डावर बसणाऱ्याला ते कधीच माहीत नसतं. म्हणून त्याने आधी कोण आलं एवढंच बघावं."

इथवर मी उभ्याउभ्याच वाचलं. त्याच दिवशी संध्याकाळी मुदत संपत होती. मराठी टाइप करायचा मला कंटाळा, आणि खरं सांगायचं तर वाटलं, दिल्लीतले साहेब मोहन्याच्या माणसाचं काय लोणचं घालणार? मी मावशींच्या खात्यातून तयार इंग्रजी मेल पाठवून दिला. त्यांना सांगितलं, "गेलं हं मावशी." त्यांनी माझ्या हातावर नारळाची वडी ठेवली. ती मी खाल्लीसुद्धा. आजही ते आठवलं की स्वतःची लाज वाटते.

काही दिवसांनी नियामकाने आलेली सगळी मतं जाहीर केली, लोकांच्या ईमेल पत्त्यांसकट. आमचा नुसता संताप झाला. खाजगीपणाचा हक्क म्हणून काही असतो की नाही? मी तणतणत मावशींकडे गेले. त्यांचा चेहरा मात्र उजळला.

"माझाही पत्ता आलाय? दाखव बघू."

लॅपटॉपवर त्यांचं नाव सापडलं आणि त्याखाली तो इंग्रजी मजकूर. मावशींनी चष्मा लावून सगळा वाचला, एक ओळ न गाळता. मग चष्मा काढला.

"माझा कॉल तू भलत्याच नंबरला जोडलास."

मी मुदतीचं काहीतरी पुटपुटले.

"मुदतीचं नाही गं. माझं कुठलं बोलणं महत्त्वाचं, ते तू ठरवलंस. तुझं काम जोडून द्यायचं होतं." आवाज चढला नव्हता, तोच बोर्डावरचा आवाज. मी रडले. त्यांनी रडू दिलं, पण ठीक आहे असं म्हणाल्या नाहीत.

नशीब, इतरांच्या मतांवर उत्तर द्यायला आणखी मुदत होती. त्याच दिवशी फडके रोडवरच्या झेरॉक्सवाल्याकडे ती चार पानं स्कॅन करायला गेले. तिथे पहिल्यांदा चौथं पान वाचलं. त्यावर दोनच ओळी होत्या: "ते गृहस्थ हे वाचत असतील तर त्यांनी माझ्या ईमेलवर कळवावं. तुमचा कॉल मी अजून रद्द केलेला नाही."

पत्ता जाहीर झाल्यावर त्यांचा चेहरा का उजळला होता, ते मला तिथे कळलं. पानं जशीच्या तशी पाठवली. या वेळी त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्याच हाताने बटण दाबवून. ती तशीच जाहीरही झाली, जरा तिरकी, शाईच्या डागासकट.

पुढे निकाल आमच्या बाजूने लागला. मी पेढे घेऊन धावले. "मावशी, जिंकलो आपण."

"छान झालं," त्या म्हणाल्या. अर्धा पेढा खाल्ला. "मोहन्याहून काही आलं का?"

मग ते दर भेटीला सुरू झालं. लग्नानंतर मी ठाण्याला कोलशेतला राहायला आले, तरी फोनवर शेवटी तोच प्रश्न. मी खातं उघडून बघायचे आणि सांगायचे, "अजून नाही मावशी." त्या म्हणायच्या, "असू दे. त्यांनी सकाळपासून वाट बघितली होती."

दोन वर्षांपूर्वी मावशी गेल्या. पुण्याहून त्यांची मुलगी आली, तिने गॅस, वीज, फोन सगळं बंद केलं. ईमेलचं काय करायचं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, ते माझ्याकडे राहू दे.

दर रविवारी सकाळी चहा घेता घेता मी ते खातं उघडते. साड्यांचे सेल, विमा, गुडघेदुखीची तेलं, असलाच सगळा कचरा. नवरा म्हणतो, एकदम निवडून पुसून टाक ना. मी तसं करत नाही. आधी आलेला आधी, या क्रमाने एकेक उघडते आणि शेवटपर्यंत वाचते. एखाद्या म्हाताऱ्या माणसाने वर विषयात नुसतं 'ताई' एवढंच लिहिलेलं असलं तर?