कुणाचं वादळ मोठं

दादा फ्लॉरिडात, मी टेक्ससमध्ये ह्यूस्टनजवळ शुगर लँडला आणि आई नाशिकला. आम्हा भावंडांची राज्यं वेगळी, पण समुद्रावरून येणारी वादळं तीच. ऑगस्ट उजाडला की दोघांच्याही टीव्हीवर तो पांढरा भोवरा गरगरायला लागायचा. तो दादाकडे वळला की मला त्याची काळजी वाटायची, नाही असं नाही. पण काळजीच्या मागोमाग आणखी काहीतरी यायचं. सरळच सांगते, माझ्या पोटात दुखायचं.

त्याला कारण आईचे देव. दोन हजार चार साली चार्ली नावाचं वादळ दादाच्या गावावरून गेलं. कॅटेगरी फोर, म्हणजे पाचातलं चार नंबरचं. आईनं देवघरातला पितळी गणपती आणि अन्नपूर्णा उचलली आणि तांब्याच्या तपेलीत पाण्यात ठेवली. पोरगं संकटातून सुटेपर्यंत देवांनीही पाण्यातच बसायचं, ही तिच्या माहेरची रीत. दादाचा ‘सगळे ठीक आहोत’ असा फोन आला तेव्हा कुठे देव बाहेर निघाले, पुसले गेले, त्यांना खिरीचा नैवेद्य मिळाला. आणि दादाचं गेलं काय होतं? मागचं कुंपण आणि बार्बेक्यूची शेगडी! पण सांगायचा असं, जणू यानंच दोन्ही हातांनी छप्पर धरून ठेवलं होतं. पुढे महिनाभर आईला दुसरा विषय नव्हता. “अगं, चारचं होतं त्याचं!”

त्याच्या दहावीच्या निकालालाही देव पाण्यात होते. मला लहानपणी टायफॉइड झाला तेव्हा मात्र कोरडे. “तू काय, खंबीर आहेस,” असं आई म्हणायची. कुणी सांगितलं होतं खंबीर व्हायला?

पुढच्याच वर्षी रिटा आलं. मेक्सिकोच्या आखातात असतानाच ते पाचवर पोचलं आणि टीव्हीवर त्याचा रोख थेट आमच्याकडे. मी घाबरले, आणि त्याच वेळी चक्क खूशही झाले. कॉलिंग कार्ड काढून आधी आईला फोन लावला.

“आई, माझं पाचचं आहे. दादाच्यापेक्षा मोठं. त्याचा दाबसुद्धा चार्लीपेक्षा कमी आहे.”

“कमी आहे ना? मग बरंच की.”

“अगं बाई, वादळाचा दाब जितका कमी, तितकं ते भयंकर!”

“हे काय उलटंच,” आई म्हणाली. “पण तुझ्याजवळ जावई आहेत, गाडी आहे. तू नेशील निभावून.”

देवांचं नावसुद्धा काढलं नाही तिनं. मला विचारता आलं असतं, पण मागून घेतलेले देव काय चुलीत घालायचेत?

मग आम्ही घर सोडून ऑस्टिनच्या रस्त्याला लागलो, आणि आमच्याबरोबर अख्खं ह्यूस्टन. गाड्या इंचभर सरकायच्या आणि थांबायच्या. पेट्रोल वाचवायचं म्हणून एसी बंद, घामाच्या धारा, मांडीवर चिवड्याचा डबा. “मॉम, वी कुड वॉक फास्टर,” असं लेक मागून म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. एवढं करून रिटानं ऐन वेळी मान फिरवली आणि ते लुइझियानाच्या बाजूला गेलं. घरी आलो तर तुळशीची कुंडीसुद्धा जागेवर.

दादाला आयतंच मिळालं. तिघांचा फोन एकत्र जोडून म्हणाला, “कुठाय गं तुझं पाचचं? किनाऱ्याला लागलं तेव्हा तीनचं होतं. लागतं तिथला आकडा धरायचा असतो, यार.” हा नियम त्यानंच केला, आणि त्यानुसार जिंकला कोण, तर तोच. आई फोनच्या दुसऱ्या टोकाला हसत होती. असा राग आला मला!

दोन हजार आठच्या सप्टेंबरात आइक आलं. त्यानं मान वगैरे फिरवली नाही. किनाऱ्याला लागलं ते दोनचं, पण कॅटेगरी वाऱ्याच्या वेगावर ठरते, वादळ किती अवाढव्य पसरलंय ते त्यात येतच नाही. आम्ही न्हाणीघरात गाद्या अंगावर घेऊन बसलो होतो. सकाळी दार उघडलं तर शेजारचं ओकचं झाड छप्पर फोडून माझ्या स्वयंपाकघरात आडवं पडलेलं. वीज नाही, फोन नाही. बर्फासाठी लोकांच्या रांगा. त्या रांगेत उभी असताना माझ्या डोक्यात एकच चालू होतं. इतके दिवस आईला माझा आवाज नाही, म्हणजे या खेपेला देव पाण्यात असणारच. आता कसली कॅटेगरी आणि कसलं काय!

शेवटी नवऱ्यानं गाडी हायवेपर्यंत नेली, तिथे मोबाइलला रेंज आली.

“आई, मी बोलतेय. सगळे सुखरूप आहोत.”

“देवा रे! बरं झालं बाई,” आई म्हणाली. “देव पाण्यात आहेत गं.”

मला रडूच फुटलं. नवरा घाबरून बघायला लागला. “काढ आता त्यांना, आई,” मी म्हटलं. “पूस नीट. खीर कर.”

“कसे काढू? दादाची नोकरी गेली ना. परवा सकाळी बोलावलं आणि सामान हातात देऊन घरी पाठवलं. ग्रीन कार्ड अजून आलेलं नाही, दुसरी नोकरी मिळाली नाही तर देशच सोडावा लागेल, मुलांच्या शाळा चालू. माझ्या डोळ्याला डोळा नाही. तुझं त्यानंच सांगितलं, दोनचं आहे, काळजी करू नको म्हणून.”

दादाची नोकरी जाणं ही काही शेगडी उडण्याची गोष्ट नव्हती, एवढं मलाही कळत होतं. तरी रडू थांबेना, आणि ते दादासाठी नव्हतं.

“ऐकतेयस ना?” आई म्हणाली. “देव पाण्यात आहेतच, तर संध्याकाळी दिवा लावताना तुझंही घालते त्यांच्या कानावर. तुमचं काही पडलंझडलं नाही ना?”

“नको,” मी म्हटलं. “दादाचंच सांग. माझं दोनचंच होतं.”