चांदीपच्या भातात आलं

मला कुत्र्यांची भीती वाटते. लहानपणी एखादं चावलं होतं, मागे लागलं होतं, असं काहीही नाही. माझी भीती अगदी शुद्ध आहे, तिला अनुभवाचा आधार नाही.

त्यामुळे माझा मेहुणा नीलेश त्याच्या कुत्र्यासकट आमच्या मनवेलपाड्याच्या फ्लॅटच्या दारात उभा राहिला, तेव्हा मी दाराची साखळी न काढताच त्याचं स्वागत केलं.

"भावोजी, ऑफिसचं ट्रेनिंग आहे बंगळुरूला. येईपर्यंत जिंजरला ठेवून घ्या. फार गरीब आहे."

फटीतून त्या गरिबाची पाहणी केली. माझ्या मांडीपर्यंत उंची, भाजलेल्या विटेचा रंग, आणि कान, पोट, पाय, शेपटी, जिथून शक्य आहे तिथून लोंबणारे रेशमी केस. आयरिश सेटर म्हणे. शिकारी जात.

"शिकारी?" मी विचारलं.

"पक्ष्यांची, भावोजी. माणसांची नाही."

तोवर माझ्या बायकोने, म्हणजे सुजाताने, मला बाजूला करून साखळी काढली होती. नीलेश जाता जाता सूचना देत होता. रोज केस विंचरायचे, नाहीतर गुंता होतो. उन्हात न्यायचं नाही. भरपूर पळवायचं. आणि पट्टा कधीही सोडायचा नाही, कारण एकदा पक्ष्याचा वास लागला की याचे कान बंद होतात.

सुजाताने पहिल्याच संध्याकाळी त्याचं नाव बदललं. "जिंजर म्हणजे आलंच की. आपलं साधं 'आलं' म्हणू." बिस्किट दाखवून तिने "आलं, आलं" म्हटलं आणि तो आला. मी त्याच वेळी बेडरूममध्ये गेलो आणि कडी लावली.

पुढचे दिवस मी स्वतःच्या घरात भिंतीला पाठ लावून वावरत होतो. अडचण अशी की आल्याला सगळ्यांत जास्त मीच आवडलो. मी खुर्चीत बसलो की तो माझ्या मांडीवर डोकं ठेवायचा. मग मी श्वास बेतानेच घ्यायचो. एकदा तसाच इतका वेळ बसलो की पायाला मुंग्या आल्या, चहा गार झाला आणि ऑफिसला दांडी झाली. (साहेबांना ताप आल्याचं कळवलं. कुत्र्याने डोकं ठेवलं होतं, असं कसं सांगणार?)

एका सकाळी तो बाल्कनीत दगडासारखा उभा दिसला. मान ताठ, शेपटी सरळ, पुढचा एक पाय हवेत. हलेना. मी घाबरून नीलेशला फोन लावला.

"अरे, याला लकवा झालाय."

"समोर कबुतर आहे का, भावोजी?"

होतं. पलीकडच्या एसीवर.

"मग तो पक्षी दाखवतोय. त्याच्या रक्तातच आहे ते. शिकाऱ्याला खूण करतोय."

"आता मी काय करू?"

"बंदूक नसेल तर काही नाही."

पण जागेअभावी रक्तातलं बाकी सगळं उसळायला लागलं. तो स्वयंपाकघरापासून दारापर्यंत शर्यती लावायचा. शेपटीच्या एका फटक्यात कपबश्या जायच्या. खालच्या मजल्यावरच्यांनी विचारलं, वर कवायत चालते का? शेवटी सुजाता म्हणाली, "अहो, याला मोकळं रान हवंय. रविवारी चांदीपला नेऊ."

आमच्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या जनाबाईचं तिथे शेत होतं. तिनेच बोलावलं होतं. सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही पोचलो. भात कापणीला आलेलं, छातीएवढं पिवळं. जनाबाई सुजाताला झोपडीकडे पाणी प्यायला घेऊन गेली, आणि पट्टा माझ्या हातात आला.

आल्याने नाक वर केलं. त्याचे कान बंद झाले असावेत. मला एवढंच कळलं की माझा हात खांद्यापासून लांब झाला, मी चिखलात गुडघ्यांवर बसलो आणि पट्ट्यासकट आलं भातात शिरलं.

आता खरी भीती बसली. नीलेशने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलंय. तो हरवला तर माहेर तुटणार, तेही बायकोचं. मी बांधावरून धावत ओरडू लागलो, "आलं, आलं!"

पलीकडच्या बांधावरचा माणूस थबकला. "काय आलं?"

"आलं. भातात शिरलं!"

"मोठं हाय?"

"हे एवढं. लालसर आहे."

"जनावर हाय का काय?"

आता कुत्र्याला जनावर नाही तर काय म्हणणार? "हो, जनावरच," मी म्हणालो. "शिकारी आहे."

त्या माणसाचा चेहरा उतरला. मग त्याने हाळी दिली, "जनावर आलं रं! भातात हाय!" शेताशेतांतून माणसं उठली. कोणी विळा घेतला, कोणी काठी, एका बाईने पत्र्याचा डबा बडवायला घेतला. त्या गलक्यात माझ्या कानांवर स्पष्ट शब्द पडला, "बिबट्या".

ही माझीच बातमी फिरून माझ्याकडे आली आहे, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात यायला हवं होतं. डोकं जागेवर नव्हतं. मला इतकंच समजलं की त्या भातात बिबट्या आहे, त्याच भातात नीलेशचा कुत्रा आहे आणि त्या भाताच्या काठावर मी आहे. जवळच पेंढ्याची ट्रॉली उभी होती. तिच्यावर मी कसा चढलो, हे आजही सांगता येणार नाही.

वरून भात हलताना दिसलं. काहीतरी लाल सरकलं आणि थांबलं. "तो बघा, तिथे," मी बोट दाखवून किंचाळलो. काठ्या उचलून माणसं गोल करू लागली.

"थांबा," खालून सुजाताचा आवाज आला. "काठी मारू नका कोणी. आमचा कुत्रा आहे तो."

"ताई, पुढं नका जाऊ," त्या माणसाने विनवलं. "त्या साहेबांनी डोळ्यानी बघितलंय."

सुजाताने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरलेलो नाही. मग ती सरळ भातात शिरली. मी डोळे मिटले. तेवढ्यात फर्र आवाज झाला, सगळा गाव खाली बसला, आणि भातातून चार-पाच लावे पक्षी उडून गेले. मागोमाग एक पाय हवेत धरून उभा असलेला आल्याचा पुतळा जिवंत झाला आणि बाहेर येऊन विळे-काठ्या धरलेल्या प्रत्येकाचे हात चाटत सुटला.

त्याच्या केसांच्या झालरींत इतकी कुसळं अडकली होती की जनाबाई आणि सुजाता खोबरेल तेल लावून दुपारपर्यंत ती काढत बसल्या. मधेच जनाबाईने वर बघितलं. "ते साहेब कवा उतरनार?"

"चढताना भीती होती," सुजाता म्हणाली, "उतरायला काहीतरी कारण लागेल त्यांना."

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला. चांदीपला बिबट्या दिसला, एका गृहस्थाने ट्रॉलीवर चढून जीव वाचवला, सर्वांनी काळजी घ्यावी. सुजाता तो मोठ्याने वाचून हसत हसत आत गेली. खरं काय ते मला ठाऊकच होतं. बिबट्या माझ्याच सोफ्यावर खोबरेलाचा वास मारत घोरत होता. तरी मी उठून बाल्कनीचं दार लावलं, कडी दोनदा तपासली, आणि एकट्याला भीती वाटू नये म्हणून त्या बिबट्याला अगदी चिकटून बसलो.