भिंतीला टांगलेला होल्डॉल

चार्जर काढायला कप्प्यात हात घातला की अजून वास येतो. डांबरगोळ्या, बूटपॉलिश, आगगाडीच्या डब्यातली धूळ, सगळं एकात एक मुरलेलं. सांगलीच्या या फ्लॅटमध्ये, घरी बसून कंपनीचं काम करायच्या माझ्या कोपऱ्यात, आज आण्णांचा होल्डॉल कप्पे होऊन भिंतीवर बसला आहे. त्या वासानं चालू मीटिंगमध्ये माझं चित्त उडतं, आणि उडू दे खुशाल!

होल्डॉल म्हणजे अंथरूण गुंडाळून न्यायची कॅनव्हासची पिशवी. उलगडली की सतरंजीएवढी, दोन्ही टोकांना खिसे, बाहेरून चामडी पट्टे. माझे वडील, आण्णा, फौजेत होते. आमचं गाव औंधच्या अलीकडे. तिथे घरटी एक जण फौजेत, म्हणून माळ्यावर असा एखादा पडलेला असतोच. सुट्टी संपत आली की तो खाली यायचा आणि सगळ्या घराचं तोंड उतरायचं. आण्णा एकेक वस्तू ठरल्या जागी घालायचे. दाढीचं सामान एका खिशात, सुईदोरा दुसऱ्यात, आणि आईच्या कांदालसूण चटणीची बरणी अंथरुणाच्या पोटात. निघताना "येतो" म्हणायचे, "जातो" कधीच नाही. एसटी दिसेनाशी झाली तरी आई त्या दिवशी केर काढायची नाही. माणूस निघाल्यामागं घर झाडलं तर त्याची परतीची पावलं पुसली जातात, असं आमच्याकडे मानतात. शाळेतून येऊन मी त्या केरातच दप्तर टाकायची, आणि आई तोंड फिरवून भाकऱ्या थापत बसायची.

मागल्या उन्हाळ्यात आण्णा गेले. निवृत्त होऊन, नातवंडं खेळवून, घरच्या खाटेवर. तिरडी उचलली की घर झाडून घ्यायचं, मग दिवा लावायचा, ही रीत. थोरल्या चुलतीनं केरसुणी घेतली, तशी आईनं ती दोन्ही हातांनी धरली. "आवं आक्का, झाडू नगा. ह्यांची गाडी तरी सुटू द्या." शेवटी मीच तिची बोटं एकेक करून सोडवली.

पुढे आई माझ्याकडे राहायला आली ती अंथरूण त्याच होल्डॉलमध्ये बांधून. माझ्या टेबलावर वायरी, फायली, पेनं, गोळ्यांची पाकिटं यांचा नुसता सावळागोंधळ. "टेबल हाय का उकिरडा?" हे तिचं रोजचं. बाजारातले प्लॅस्टिकचे कप्पे मला काही पसंत पडेनात, आणि एक दिवस नजर होल्डॉलवर गेली. खिसे तयार, पट्टे तयार, फक्त कापायचा अवकाश. पण छाती होईना. आण्णांचं म्हणून तिच्यापाशी उरलं होतं ते एवढंच. त्यालाच कात्री लावायची? कात्री कितीतरी दिवस टेबलावर तशीच पडून राहिली.

अखेर धीर करून विचारलं. "आई, आण्णांचा होल्डॉल कापू का गं? भिंतीला लावते." वाटलं, रडेल, नाहीतर फाडून खाईल.

तिनं स्वतःच कात्री उचलली. "काप की! मला लय राग हुता ह्या पिशवीचा. माळ्यावरनं खाली आली की काळजाचं पाणी व्हायचं माज्या. ठोक भितीला. आता कुटं जायाचं न्हाई तिला."

पहिला काप तिनंच घातला. मी मधलं कापड प्लायवुडवर ताणून बसवलं, टोकांचे खिसे दाभणानं त्यावर शिवले, पट्टे वायरी अडकवायला ठेवले. भिंतीत ड्रिल मारून भोकांत लाकडी गिट्ट्या ठोकल्या, स्क्रू आवळले. दाढीच्या सामानाच्या खिशात चार्जर गेला, सुईदोऱ्याच्या खिशात पेनं. चटणीच्या बरणीला मात्र आता जागा नव्हती.

फरशीवर भिंतीचा चुरा आणि दोऱ्यांची टोकं पडली होती. केरसुणी आणायला उठले, तर आई ती घेऊन आलेली. खिडकीत अजून ऊन होतं. तिनं कोपऱ्यापासून दारापर्यंत सगळा केर काढला, उंबऱ्याशी जरा थांबली, मग सुपलीत भरून बाहेर टाकून आली.

"झालं," म्हणाली. "येत न्हाईत आता."

आण्णांना जाऊन वर्ष उलटलं होतं. पण त्यांची गाडी खरी सुटली ती त्या दुपारी.