गवताला जाताना लावलेला सिनेमा

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे जुन्नरच्या कॉलेजात सरांनी एका जुन्या चिनी सिनेमावर दोन पानं लिहायला सांगितली, तेव्हा कोणाला विचारावं ते कळेना. मी तो मोबाईलवर उतरवून घेतला आणि पुन्हा पुन्हा पाहिला. हिंदीत डब केलेला. त्यात तलवारी आपोआप उडतात, लढणाऱ्यांच्या हातांतून विजेच्या रेघा निघतात. त्या रेघा पाश्चात्त्य सिनेमांवरून घेतल्यात, असं सर म्हणाले होते. मला मात्र मधली एक जागा आवडली. लढाई ऐन भरात असताना सगळे एका तळ्यात बुडतात आणि आवाज पूर्ण बंद होतो. बराच वेळ. ‘ही शांतता उसनी वाटत नाही,’ असं मी लिहिलं. बरोबर होतं की नाही, माहीत नाही.

त्याच आठवड्यात कालव्याच्या कडेला ठसे दिसले होते. बिबट्याला आमच्याकडे वाघच म्हणतात. डिंभे धरणाच्या पाण्यावर चहूकडे ऊस झालाय आणि वाघ उसातच राहतो. म्हणून गवताला जाताना मोबाईल मोठ्यानं लावून कमरेला खोचायचा, अशी आमच्या वस्तीवर रीत आहे. माणसांचा आवाज ऐकला की तो बाजूला होतो.

त्या दिवशी लाईट नव्हती आणि आईचा मोबाईल बंद पडलेला. तिनं माझा मागितला.

“गाणी नको लावू. संपली की हात पुसून परत लावत बसावं लागतं.”

“सिनेमा लावू? नुसती मारामारी आहे.”

“लाव. वाघ बी बघंल जरा.”

“वाघाला हिंदी येतंय व्हय?” ओट्यावरून चुलती म्हणाली.

“तुला आलं न्हवं सिरीयली बघून? त्याला बी येईल.”

ऊन उतरत होतं. मी गोठ्यात शेण ओढत होते. उसापलीकडून तलवारींचा खणखणाट, राक्षसाचं हसणं ऐकू येत होतं, त्यावरून आई कुठं आहे ते कळत होतं. मग पाण्यात पडल्याचा आवाज आला आणि माझ्या हातातलं फावडं थांबलं.

पुढं काहीच ऐकू येईना.

“आई,” मी हाक मारली. ओ आली नाही. गोठ्याबाहेर आमच्या मेंढरांपाशी कुत्रं उभं होतं. भुंकत नव्हतं, नुसतं उसाकडं बघत होतं. मी बांधावरून पळत सुटले.

आई गवतात ताठ उभी होती. हातात विळा, नजर उसात. माझ्याकडं न बघता तिनं तळहात मागं धरला. मी जागच्या जागी थांबले. वारा नव्हता, तरी तिच्यापुढं उसात दोन सऱ्या आत वाळलेलं पाचट वाजत होतं. जवळ येत होतं.

तेवढ्यात तिच्या कमरेला राक्षस मोठ्यानं हसला.

पाचट वाजायचं थांबलं. लांब गेल्याचं मात्र ऐकू आलं नाही.

गवताचा भारा तिथंच टाकून, उसाकडं तोंड ठेवून आम्ही मागं मागं सरकत आलो. ओट्यावर बसल्यावर आई म्हणाली, “मोबाईल का गप झाला गं? तो गप झाला आन् हे पुढं आलं.”

“बिघडला नव्हता. सिनेमातच तिथं तसं आहे.”

तिनं कमरेचा मोबाईल काढून माझ्या हातात दिला.

सकाळी आम्ही भारा आणायला गेलो. ठसे भाऱ्यापाशीच थांबले नव्हते. भाऱ्यापासून आमच्या घराकडं आले होते, गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत.

म्हशीला गवत लागतंच, आई अजून जाते. मोबाईल घेताना विचारते, “मधी गप व्हत न्हाई ना?”

लावायचं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय मला उत्तर देता येत नाही.