कपाटातलं इंटरनेट

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी घराचे सुपरवायझर झाले. या माणसाने आयुष्यात एकच विद्या कमावली, ती म्हणजे वस्तू जपण्याची. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, सोफ्याला प्लास्टिक, जेवायच्या टेबलालाही प्लास्टिक. पाहुणा बसला की आधी चर्रर्र आवाज येतो, मग पाणी.

इंटरनेट आलं तेव्हा राउटरचीही सोय झाली. धूळ बसू नये, कोणी हात लावू नये म्हणून दाजींनी तो खालच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवला आणि किल्ली स्वतःच्या खिशात. वायर आत न्यायला कपाटाला मागून भोकसुद्धा पाडलं.

वर माझ्या भाचीची खोली. ती इमारतींचे नकाशे काढते, शिकून दोन वर्षं झाली, नोकरीच्या मुलाखती सगळ्या व्हिडिओवर. त्या खोलीत इंटरनेट म्हणजे लहर लागली तर येणार. मी वायरमन. ड्रिल घेऊन गेलो आणि म्हटलं, "दाजी, एक वायर वर नेतो, अर्ध्या तासाचं काम."

"भिंतीला भोक? गेल्या वर्षी रंग दिलाय."

"कपाटाला पाडलंत की!"

"ते मागून आहे, दिसत नाही. तुला भोकं पाडण्याशिवाय येतं काय?"

ड्रिल पिशवीतून बाहेरही निघालं नाही. शिवाय मी निघताना दाजींनी मला ऐकवलं, की आमच्या वेळी नोकऱ्या पत्रावर लागायच्या. अशा माणसाची मला कीव यायला हवी, पण येत नाही. चीड येते.

मग भाचीला हवी होती तीच मुलाखत आली, मोठ्या कंपनीची, शेवटची फेरी. तिने बापाच्या अक्षरशः विनवण्या केल्या. दाजींनी मेहेरबानी केल्यासारखं तासभर कपाटाचं दार उघडं ठेवायचं कबूल केलं. ताई खाली पहारा देत होती. दूध उतू जातंय म्हणून ती आत गेली, तेवढ्यात दाजी बाहेरून आले. कपाट उघडं दिसलं. हात आपोआप गेला. दार बंद, किल्ली फिरली, किल्ली खिशात.

वर भाची तोंड उघडं ठेवून पडद्यावरच्या थिजलेल्या चेहऱ्यांकडे बघत राहिली. ती धावत खाली येऊन दार उघडून घेईपर्यंत तिकडच्यांनी पुढच्या उमेदवाराला बोलावलं होतं.

"तासभर म्हणजे काय शेवटच्या मिनिटापर्यंत?" दाजी म्हणाले. सॉरी नाही, काही नाही.

पुढची मुलाखत तिने माझ्या दुकानात बसून दिली, वायरीच्या गुंडाळ्यांमध्ये. नोकरी लागली, दूरच्या शहरात. जाताना तिने खोलीतली एकही वस्तू मागे ठेवली नाही.

महिन्याभरात दाजींचा फोन आला. "ड्रिल घेऊन ये." मी गेलो. त्या जपलेल्या रंगातून भोक पाडलं, भिंतीचा चुरा त्यांच्या सोफ्यावर पडला, तो त्यांनी स्वतःच झटकला. राउटर भाचीच्या रिकाम्या टेबलावर बसवला. दाजींनी त्याला प्लास्टिक घातलंच.

आता दर रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून वर बसतात. परवा मी तिथेच होतो. भाची पडद्यावर आली, आईशी बोलली, माझी चेष्टा केली. दाजी पुढे सरकले आणि म्हणाले, "जेवतेस ना वेळेवर?"

"बाबा, तुमचा आवाज तुटतोय," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

 दाजी माझ्याकडे वळले. "वायर नीट बसली नाही वाटतं. बघ जरा."

मी राउटरवरचं प्लास्टिक उचललं. सगळे दिवे हिरवे होते.

"वायर एकदम नीट आहे, दाजी," मी म्हणालो.