डब्याचं छप्पर

रेवदंड्याच्या थोडं अलीकडे, एका सुपारीच्या वाडीला लागून आमचं घर आहे. ते लोखंडाचं आहे. माझे यजमान न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतात. बंदराजवळच्या एका यार्डात वापरातून गेलेले कंटेनर विकायला काढलेले त्यांनी पाहिले होते. भावांच्या वाटणीत आमच्या वाट्याला नुसती मोकळी जागा आली तेव्हा त्यांनी त्यातलाच एक लांबलचक कंटेनर आणला, जांभ्याच्या चिऱ्यांच्या जोत्यावर क्रेनने ठेवला, भिंती कापून खिडक्या काढल्या आणि आतून प्लायवूड मारून घेतलं. क्रेन आली त्या दिवशी अर्धा गाव बघायला जमला होता. दुसऱ्या दिवसापासून आम्ही ‘डब्यातली माणसं’ झालो.

सासूबाईंना हे घर पसंत नव्हतं. माणसाने मातीच्या नाहीतर दगडाच्या भिंतीत राहावं, डब्यात सामान ठेवतात, असं त्या येईल त्याला सांगायच्या. तरी धाकट्या लेकाच्या ओढीने आमच्याकडे राहायला आल्या. येताना त्यांनी आपली खाट आणली आणि टीव्ही आणला. मग टीव्हीसाठी यजमानांनी छपरावर डिशची छत्री बसवली.

पहिला पावसाळा बरा गेला. आतल्या भिंतींना घाम यायचा, तो मी खिडक्या उघड्या ठेवून आटोक्यात आणला. गळायला लागलं दुसऱ्या वर्षी, नागपंचमी झाल्यावर, आणि तेही नेमकं सासूबाईंच्या खाटेवर. आधी थेंब थेंब, मग बारीक धार. खाट सरकवली तर गळती जणू मागोमाग आली. गावातला गवंडी आला, छपरावर चढून बरोबर त्या थेंबाच्या वरच्या जागी डांबर ओतून गेला. काही फरक पडला नाही. मग प्लास्टिकचा कागद दगडांखाली दाबला, तो वाऱ्याने नेऊन वाडीत टाकला. यजमान फोनवर म्हणाले की रविवारी वेल्डरला घेऊन येतो. पण घाटात दरड कोसळली आणि ते गाडीसकट पलीकडे अडकले.

 उशी पोटाशी धरून सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायच्या. त्यांनी बोलून दाखवलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

माझं माहेर थळचं. वडिलांचं तिथे सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि लग्नापर्यंत मी तिथे हाताखाली काम केलं. हवा कुठून जाते ते ट्यूबकडे बघून कळत नाही. ती पाण्यात बुडवायची आणि बुडबुडा कुठे येतो ते पाहायचं. पाणी जिथे टपकतं तिथूनच ते आत शिरतं असं आपण का धरून चाललोय, असं मला त्या सकाळी वाटलं. मी टेबलावर चढून वरच्या प्लायवूडचे स्क्रू काढले. वर पत्र्याच्या खोबणीतून गंजाच्या रंगाचा एक ओघळ पार दुसऱ्या टोकाकडून येत होता.

पाऊस थांबला होता. मी सासूबाईंना म्हटलं, मोटारीचा पाइप घेऊन बाहेर उभ्या राहा आणि मी सांगेन तिथे छपरावर पाणी सोडा. त्या लगेच उठल्या. त्या एका टोकाकडून पाणी मारत आल्या आणि आतून मी पत्र्याला डोळे लावून बसले. खिडकीवर काही नाही, मधल्या भागात काही नाही. मग पार पलीकडच्या टोकाला एकाएकी चार ठिकाणी पाण्याचे मणी फुगले आणि घळाघळा वाहायला लागले.

मी शिडी लावून वर गेले. तिथे छत्रीचा स्टँड होता. तो बसवायला पत्र्याला पाडलेली भोकं खाऱ्या वाऱ्याने कुरतडून मोठी केली होती, आणि बोल्टखालच्या रबराच्या चकत्या पार कुजल्या होत्या. खाली येऊन मी सांगितलं. सासूबाईंनी पाइप खाली ठेवला आणि वर छत्रीकडे पाहिलं. त्यांच्या संध्याकाळच्या मालिका कुठल्या आणि किती, ते मला पाठ होतं.

“काढून टाक ती छत्री,” त्या म्हणाल्या.

बोल्ट गच्च बसले होते. रॉकेल सोडून, पाना लावून एकेक ढिला केला. गंज तारेच्या ब्रशने खरवडला, कापडाने पुसून पत्रा कोरडा केला आणि नळ गळला की लावतात ती, दोन गोळे एकत्र मळून करायची लुगदी भोकांत ठासून भरली. ती घट्ट व्हायला तासभर तरी कोरडं लागतं. तेवढ्यात खाडीच्या तोंडाकडून ढग चढून आले. मी वरून ताडपत्री मागितली, तर सासूबाई लुगड्याचा काष्टा आवळून, ताडपत्री खांद्यावर टाकून स्वतःच शिडी चढायला लागल्या. मी नको नको म्हणत राहिले.

“खाली बसून मी काय करू?” असं म्हणून त्या वर आल्यासुद्धा.

सर कोसळली. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. ताडपत्री डोक्यावरून ओढून आम्ही दोघी समोरासमोर बसलो, मध्ये ती भरलेली भोकं. पत्र्यावर पावसाचा एवढा आवाज होता की त्यांना माझ्या कानाशी येऊन बोलावं लागत होतं. त्या लग्नाआधीच्या मिठागराच्या गोष्टी सांगत होत्या. तेव्हा त्यांच्या माहेरची सगळी माणसं मिठावर राबायची. आभाळ भरून आलं की बायका धावत सुटायच्या आणि मिठाच्या राशी गवताने शाकारायच्या. एका सरीत सगळ्या मोसमाची मेहनत विरघळून जायची. एकदा वाऱ्याने गवत राहीना, तेव्हा त्या राशीवर आडव्या पडून राहिल्या होत्या म्हणे. इतक्या वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. सांगताना ताडपत्रीचं टोक त्यांनी तसूभरही खाली येऊ दिलं नाही.

रस्त्याने बाजारातून परतणाऱ्या बायकांची रिक्षा आली. आम्हाला बघून ती थांबली. काय करताय वर, असं एकीने ओरडून विचारलं.

“घर शाकारतोय आमचं,” सासूबाईंनी वरून उत्तर दिलं.

‘आमचं घर’ हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. मी मान खाली घातली आणि लुगदी बोटाने दाबून पाहत राहिले. ती दगडासारखी झाली होती.

दुपारी पावसाने परत झोड उठवली. सासूबाई खाट पूर्वीच्या जागी लावून, हात उशाला घेऊन वर बघत पडल्या होत्या. थेंब आला नाही. जरा वेळाने त्यांचा डोळा लागला.

दरड निघाल्यावर यजमान वेल्डरला घेऊन आले. तो छपरावर जाऊन आला आणि म्हणाला, आता हात लावायची गरज नाही, पाऊस सरला की वरून पत्र्याचे तुकडे जोडून देतो. हिवाळ्यात त्याने ते करून दिलं. तो काम करत होता तेव्हा मी शेजारी बसून राहिले, आणि खिडकीची वरची कड, दाराचं रबर, तळाचे कोपरे, असं सगळं कुठे आणि कसं तपासायचं ते विचारून घेतलं. छत्री आता अंगणात, जमिनीत रोवलेल्या पाइपावर आहे.

तेव्हापासून दरवर्षी वैशाखात छप्पर माझं असतं. सकाळी पत्रा तापायच्या आत चढायचं, गंजाचे ठिपके खरवडायचे, त्यावर लाल प्रायमर आणि मग रंग. यजमान सुट्टीवर असले तरी ते खालून डबे देतात. वर मीच जाते. समुद्र जवळ असला की लोखंडाला सतत माणसाचा हात लागतो, आणि तो हात माझा आहे याचा मला अभिमान वाटतो. यंदा वाडीपलीकडे कुणीतरी कंटेनर आणून ठेवलाय. तिथली बाई, बाळ कडेवर घेऊन, छपराची निगा कशी ठेवायची ते विचारायला आली.

सासूबाई ओट्यावर कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडत होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना आता शिडी चढवत नाही.

“माझ्या सुनेला इचार,” त्या म्हणाल्या. “तिला सगला म्हाईत हाय.”

मी म्हटलं, आम्ही दोघींनी मिळून केलंय. त्यांनी हाताने मला गप्प केलं आणि त्या बाईला बसायला पाट सरकवला.