मीच वाचून दाखवलेला ओटीपी

मानोऱ्यात आमी दोघी बारा वर्सं एकाच भाड्याच्या घरात राह्यलो. ती दवाखान्यात नर्स, मी शाळेत शिकवते. लोक आमाले 'दोघी मॅडम' म्हनत. त्याच्यापुढं कोनी कधी इचारलं नाई, आमीबी सांगतलं नाई.

बँकेत जोडीदाराचं नाव नॉमिनी म्हनून लावता येते, हे कळलं तवा तीच मले ओढत वाशीमले घेऊन गेली, आपापल्या खात्यावर एकमेकीचं नाव लावाले. काउंटरवरच्या बाईनं नातं इचारलं. मी हळूच म्हटलं, मैत्रीण लिहा. तर ही बया खणखणीत आवाजात म्हनते, "जोडीदार लिहा." माझे कान तापले. पन खरं सांगू, त्या दिवशी मी सडकेवर नुसती हसत चालली होती. तिच्या खात्याले मोबाईल नंबर तिनं माझाच देला, कारन ती गावाले गेली का तिचा भाऊ तिचा फोन उघडून पाह्यते.

यंदा पोळ्याले ती इंझोरीले भावाकडं गेली. दुपारी फोन आला. म्हने, नेट बँकिंगवर पत्ता बदलून राह्यली, ओटीपी आला असंल, सांग. मी भाजी निवडत होती. हात पुसले, चष्मा लावला, अन् सहा आकडे एकेक करून वाचले. वरून नीट ऐकलं ना, असंबी इचारलं.

थोड्या वेळानं दुसरा मेसेज आला. नॉमिनी बदलला म्हने.

ती परत आली तवा मी सरळ इचारलं. भावानं पासबुकावर माझं नाव पाह्यलं, मंग तिनं त्याचं लावलं. खाली पाहून म्हने, "तुले पैसा थोडीच पायजे होता?"

जळो तो पैसा. मले तो एक शब्द पायजे होता. तिच्याकडून एकाच कागदावर लिहेल होता, अन् तो तिनं माझ्याच हातानं पुसून घेतला. केसानं गळा कापते म्हनतात, तो असा. भावाले भेली असं सांगतलं असतं, तर मी समजून घेतलं असतं. पत्त्याचं खोटं कायले बोलली?

दुसऱ्या दिवशी रागानं एकटी वाशीमले गेली, माझ्या खात्यावरून तिचं नाव काढाले. काउंटरवर तीच बाई होती. तिनं फॉर्म काढला अन् इचारलं, "मंग आता कोनाचं नाव टाकू, मॅडम?"

मागं लाइन होती. एकबी नाव आठवलं नाई. राहू द्या म्हटलं अन् मानोऱ्याच्या एस्टीत येऊन बसली. माझ्या खात्यावर अजून तिचंच नाव आहे, अन् नात्याच्या जागी जोडीदार.